शिडीचं कोपर

आकाशी रंगाच्या इलॅस्टिकचा एक पट्टा. दोन बटणं, दुहेरी शिवण. बघणाऱ्याला कळत नाही की हा कशाचा तुकडा आहे, कारण तो कुठल्याच कपड्याचा नाही.

*

बास्केटबॉलची रिंग केवढी रुंद असते? दोन चेंडू शेजारीशेजारी अगदी थोडक्यासाठी मावत नाहीत, एवढी. हे सांगून कुणाला पटत नाही. खाली उभ्या माणसाला ती कायम अरुंदच दिसते.

*

भाऊसाहेब बिनसाखरेचा चहा पितात, पण चमच्याने बराच वेळ ढवळतात.

*

एक बोळ. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची. मधे वरून खाली येणारा पाण्याचा जाड पाइप. टोकाला, उंचावर, बूड कापलेली बादली.

*

“बाई, मग इतके दिवस का नाही सांगितलंत?”

*

आता गोष्ट. ती बादल्यांपासूनच सुरू करावी लागते.

मोठ्या मालकांचा प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना होता. पॅकिंगच्या बायका जेवणाच्या सुट्टीत चिंध्यांचे बोळे करायच्या आणि रांगेतल्या बादल्यांत लांबून नेमके टाकायच्या. पैज, आरडाओरडा, हसून हसून पोट धरणं. मोठे मालक एकदा खिडकीतून ते बघत उभे राहिले. दुसरा मालक असता तर मुकादमाला बोलावून झापलं असतं. यांनी गोदामाच्या बाजूला हॉल बांधला, दोन रिंगा लावल्या आणि बायकांचा संघ काढला. बायका थकल्या, मग त्यांच्या मुली आल्या, मग बाहेरच्या मुली आल्या, संघ लीगमध्ये गेला आणि तिथे जाऊन नेमाने हरायला लागला.

दुसऱ्या गावचे प्रेक्षक त्यांना ‘बादल्या’ म्हणत. मुली कोर्टवर आल्या की गॅलरीतून आवाज यायचा, “भोक पडलं, भोक पडलं!” आपल्या हॉलमध्ये तर छपरावरच्या टाकीचं पाणी खरोखरच एका कोपऱ्यात ठिबकायचं आणि खाली कारखान्याचीच बादली ठेवलेली असायची. त्यामुळे उलट बोलायलाही तोंड नव्हतं.

संघाच्या प्रशिक्षक म्हणजे बाई. सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांची आई त्या पहिल्या पॅकिंगवाल्यांपैकी एक. बाई स्वतः या हॉलमध्ये रांगल्या, खेळल्या, गुडघा घालवून बसल्या आणि शिट्टी गळ्यात अडकवून पुन्हा उभ्या राहिल्या. लग्न वगैरे मधे कधीतरी राहून गेलं. हॉल गेला तर बाईंना दुसरीकडे कुठे जाऊन बसावं हेसुद्धा सुचलं नसतं.

आणि मग शिडी आली. वय कॉलेजचं, उंची दाराच्या चौकटीची. आई शिवणकाम करायची, वडील नळ जोडायचे. पहिल्याच दिवशी बाकीच्या मुलींनी नाव पाडलं आणि ती म्हणाली, “चालेल. घरी मला बांबू म्हणतात, त्यापेक्षा बरंय.”

शिडीचा शॉट बघून माणूस आधी हसायचा. चेंडू उजव्या कानामागून निघायचा, कोपर बाहेर, कोंबडीच्या पंखासारखं. पुस्तकात लिहिलंय तसं तिचं काहीच नव्हतं. मग जाळी वाजायची आणि हसणारा गप्प व्हायचा. ती आल्यावर संघ जिंकायलाच लागला असं नाही, पण हरणं लाजिरवाणं राहिलं नाही. मधेच एखादा सामना जिंकला की मुली आपल्याच बादलीवर ताल धरून नाचत.

मोठे मालक तेवढं बघून गेले. संघ त्यांनी दोन्ही मुलांच्या नावे ठेवला, अर्धा भाऊसाहेबांचा, अर्धा ताईसाहेबांचा. बहीणभाऊ एकमेकांशी वकिलामार्फत बोलत. संघ म्हणजे दोन टोकांनी ओढलेली चादर झाला. ना याच्या अंगावर, ना तिच्या.

*

भाऊसाहेबांच्या ऑफिसात भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर नमुन्याच्या बादल्या. सगळ्यात मोठीपासून लहान मुलाच्या खेळण्यातल्या एवढीपर्यंत. बाई त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

“ताईला गिऱ्हाईक मिळालंय,” भाऊसाहेब चहा ढवळत म्हणाले. “मोबाइलवाली कंपनी. त्यांना हॉल नकोय, बादल्या नकोत, तुम्ही नकोत. राग मानू नका.”

“नाही.”

“त्यांना शिडी हवीय. तिच्यासाठी आख्खा संघ घेणार, नाव बदलणार, मोठ्या शहरात नेणार. बाकीच्या पोरी घरी. हॉलचं गोदाम. ताईचं म्हणणं, मला उपदेश करू नकोस, एक तर तूही वीक नाही तर माझा हिस्सा तू घे. माझी तेवढी ऐपत नाही. हे गिऱ्हाईक दारात उभं असेपर्यंत तरी नाही.”

“मग?”

“गिऱ्हाईक थंड झालं पाहिजे.” त्यांनी चमचा बशीत ठेवला. “शिडीला बसवा थोडे दिवस.”

बाईंच्या पाठीमागे फळीवर एक बादली उगाच कलंडली आणि पुन्हा सरळ झाली. पंख्याचा वारा.

“दुखापत झाली म्हणू?” बाईंनी विचारलं. विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपलं ‘नाही’ म्हणायचं राहूनच गेलं.

“छे. दुखापत म्हटलं की ताई डॉक्टर घेऊन येईल. खेळ बिघडलाय म्हणा. तुम्ही शिकवणाऱ्या माणूस आहात बाई, पोरीत काही ना काही खोट सापडेलच तुम्हाला.”

“आणि नंतर?”

“नंतर संघ आपला. हॉल आपला. छप्पर दुरुस्त करतो. शब्द देतो.”

हे लक्षात ठेवायला हवं की भाऊसाहेबांनी पुढे शब्द पाळला. लबाड माणूस असता तर बाईंना किती बरं झालं असतं. सगळं त्याच्या डोक्यावर ओतून मोकळं होता आलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं. सहायक शेजारी चेंडू पुसत होते. त्यांना सगळे शिट्टीदादा म्हणत, कारण मोठ्याने बोलता येत नाही म्हणून ते शिट्टीनेच बोलत. बाईंनी खोट शोधायला रात्र घालवली वगैरे काही नाही. ती शोधावी लागलीच नाही. डोळ्यांसमोर होती, दिसणारी, सगळ्या जगाला दिसणारी.

“शिडी, तुझं कोपर बाहेर जातं.”

शिट्टीदादांचा हात चेंडूवर थांबला.

“कोपर?” शिडीने आपल्या कोपराकडे असं पाहिलं की जणू ते आत्ताच कुणी आणून लावलंय.

“शॉट मारताना. आतापर्यंत चालून गेलं. पुढच्या पातळीवर नाही चालणार. ते सुधारेपर्यंत तू बाकावर बसशील.”

शिडी म्हणाली, आणि रुसून नाही, अगदी मनापासून, “बाई, मग इतके दिवस का नाही सांगितलंत?”

याचं उत्तर बाईंनी काय दिलं? “तेव्हा तू नवी होतीस,” म्हणाल्या. पहिलं खोटं त्यांना जड गेलं होतं. हे दुसरं आपसूक, पायरी उतरल्यासारखं आलं.

मुली धावायला गेल्यावर शिट्टीदादा जवळ आले. त्यांच्या त्या दबक्या आवाजात म्हणाले, “बाई, कोपर?”

“दादा, चेंडू पुसा.”

त्यांनी पुसले. त्या दिवशी चेंडूंवर जरा जास्तच चमक आली होती.

*

(मधली सुट्टी. या वेळात बाई काय काय म्हणू शकल्या असत्या? ‘शिडी, तू थकलीयस.’ ‘शिडी, दुसऱ्यांनाही संधी द्यायचीय.’ किंवा नुसतं ‘मी म्हणते म्हणून बस.’ पोर बसली असती, कुरकुरली असती, शिव्यासुद्धा दिल्या असत्या, आणि पुन्हा उठली असती तेव्हा होती तशीच उठली असती. पण बाई शिकवणाऱ्या माणूस. शिकवणाऱ्याचं खोटंही धडा होऊन बसतं.)

*

सामना. शिडी बाकावर, गुडघे कानाशी येतील अशी बसलेली. गॅलरीतून आपलेच लोक ओरडत होते, “अहो बाई, शिडी लावा, शिडी! वर कसं चढायचं?” मोबाइलवाले दोघे सगळ्यात वरच्या रांगेत, मांडीवर टॅब, तोंडावर काहीच नाही. पुढच्या सामन्याला तेच. त्याच्या पुढच्या सामन्याला दोघांपैकी एकच आला.

संघ हरत होता. बाईंनी ते गृहीत धरलं होतं. जे धरलं नव्हतं ते हे, की शिडी बाकावर बसून आपला उजवा हात मांडीवर ठेवायची आणि डाव्या हाताने कोपर आत दाबत राहायची. सामनाभर. बाळाला थोपटावं तसं.

ताईसाहेब एकदा हॉलमध्ये आल्या. उंच टाचांचे बूट दाराशी काढले, मोजे घालून लाकडी फरशीवर चालत बाईंपर्यंत आल्या.

“काय बाई, शिडी आडवी का ठेवलीय?”

“तिचं तंत्र सुधारतोय, ताईसाहेब.”

“बिघडलं कधी?”

“आधीपासूनच होतं. मी दुर्लक्ष केलं.”

ताईसाहेबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “मला यातलं ओ की ठो कळत नाही. बाबा भावाला घेऊन यायचे इथे, मला नाही. पण तुम्ही बोलताना माझ्याकडे बघत नाही आहात, त्या गळक्या बादलीकडे बघताय.”

बाईंनी मान वळवली. ताईसाहेब बूट घालून गेल्या. त्यांनी आणखी एकदा विचारलं असतं तर बाई बोलल्या असत्या. असं बाई स्वतःला पुष्कळदा सांगतात. पुष्कळदा सांगावं लागतं, यातच काय ते आलं.

*

मग शिडीची आई आली.

सरावाची वेळ, हॉलच्या दाराशी चपला काढून, पिशवी छातीशी धरून उभी. बुटकी बाई. हिच्या पोटी एवढी उंच पोर कुठून आली असं मुली नेहमी म्हणत, आणि ती म्हणे, “तिला मी दुमडूनच जन्माला घातलं. नंतर उलगडली.”

“बाई, तुम्हाला वेळ आहे का? एक वस्तू दाखवायचीय.”

पिशवीतून तिने पट्टा काढला. आकाशी, इलॅस्टिकचा.

“ही रात्रंदिवस कोपर कोपर करते हो. जेवताना बगलेत पुस्तक धरून बसते. मी म्हटलं, पुस्तक पडतं सारखं, त्यापेक्षा मी काहीतरी शिवते. हा भाग छातीभोवती, आणि हा दंडात. मग कोपर बाहेर जायला जागाच नाही. पहिला काचत होता, तो उसवला. हा दुसरा. तुम्ही जरा घालून बघा ना तिला. बरोबर बसलंय की नाही ते मला काय कळणार?”

शिडी धावत आली. हात वर करून उभी राहिली, कपडे बेतायला उभ्या राहतात तशी.

आता बोलायला हवं, बाईंच्या मनात आलं. आत्ता, या क्षणी, पट्टा हातात घ्यायच्या आत.

पट्टा मऊ होता. बटणाच्या काजांना आईने रेशमी दोऱ्याने टाका घातला होता, कातडीला लागू नये म्हणून.

बाईंनी तो शिडीच्या छातीभोवती नेला. दंडात अडकवला. एक बटण लावलं, दुसरं लावलं.

“सैल आहे का?” आईने विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “बरोबर आहे.”

“बघा! मी म्हटलं नव्हतं?” आईचं तोंड उजळलं. “आणि हिचे बाबा ना, बोळातला पाइपच काढणार आहेत. म्हणाले, पाइपला चुकवून चुकवूनच पोरीला ही खोड लागली. आमचीच चूक, बाई. लहानपणी बादली लावून दिली आणि पाइप मधे येतो हे कुणी बघितलंच नाही.”

“तुमची चूक नाही,” बाई म्हणाल्या.

तेवढं एक वाक्य त्या दिवशी खरं होतं. ते कुणाला ऐकू गेलं नाही, कारण शिडीने चेंडू मारला होता आणि सगळे वर बघत होते. चेंडू सरळ गेला, देखणा गेला आणि रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला.

“येईल,” शिडी म्हणाली. “सवयीने येईल. ना बाई?”

*

गिऱ्हाईक थंड झालं. दुसरा टॅबवालाही यायचा बंद झाला. ताईसाहेबांनी वैतागून आपला हिस्सा मिळेल त्या किमतीला भावाला देऊन टाकला आणि वकिलांची सुट्टी झाली. भाऊसाहेबांनी बाईंना फोन केला, “आता सोडा तिला मैदानात. शेवटचा सामना आहे, होऊ दे मजा!”

बाईंनी शिडीला सोडलं. गॅलरी उभी राहिली. शिट्टीदादांनी कारण नसताना शिट्टी फुंकली आणि पंचांची बोलणी खाल्ली.

शिडीने मारलेला पहिला शॉट चुकला. मग पुढचा. मग मोजण्यात अर्थ उरला नाही. कोपर कसं, शरीराला चिकटलेलं, पुस्तकातल्या चित्रासारखं. चेंडू हातातून सुटायचा तो इतका रेखीव, की समोरच्या संघाची प्रशिक्षक आपल्या मुलींना बोटाने दाखवत होती. आणि आत काही जात नव्हतं. प्रत्येक वेळी चुकल्यावर शिडी बाईंकडे बघायची. मदत मागायला नव्हे, माफी मागायला.

ते मात्र बाईंना सोसवलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई तिच्या घरी गेल्या. आई मशीनवर, पायाशी कुणाच्यातरी पडद्यांचा ढीग. बोळातून चेंडूचा आवाज येत होता. बोळ आता मोकळा होता. पाइप गेला होता, भिंतीवर त्याच्या क्लॅम्पचे पांढरे डाग राहिले होते.

“शिडी, पट्टा काढ.”

“का बाई? सैल झालाय?”

“काढ, आणि इथे बस. तुम्हीपण ऐका,” बाई आईला म्हणाल्या. मशीन थांबली. “तुझ्या कोपरात काही दोष नव्हता. मी खोटं बोलले. भाऊसाहेबांनी तुला बसवायला सांगितलं होतं, मोबाइलवाल्यांनी तुला नेऊ नये म्हणून. ते तुला मोठ्या संघात घेणार होते. मला कारण हवं होतं, म्हणून मी कोपर म्हटलं. तुझा शॉट चांगला होता. फार चांगला होता.”

बोलून झालं. आता आई ओरडेल, पोरगी रडेल, कुणीतरी दार दाखवेल. बाई त्याची वाट बघत उभ्या राहिल्या. त्याच्यासाठीच तर आल्या होत्या.

शिडी आईकडे बघून हसली. “बघ! आई, मी पैज हरले. तू म्हणालीस तसंच झालं.”

“काय झालं?” बाईंना कळेना.

“काल मी घरी येऊन फार रडले ना. तर आई म्हणाली, बाई बघ उद्या येतील आणि काहीतरी बोलून तुझी समजूत काढतील. त्यांचा जीव आहे तुझ्यावर.”

“मी समजूत काढत नाही! खरं सांगतेय. भाऊसाहेबांना विचार.”

“अहो, भाऊसाहेबांनी सांगितलंही असेल,” आई शांतपणे म्हणाली. “मालक माणसं, त्यांचं काय काय चालू असतं. पण दोष होता म्हणूनच दिसला ना तुम्हाला? नसता तर कुठून दिसला असता?”

“आणि मी बघितलंय बाई.” शिडीने फोन काढला. “जुना व्हिडिओ. हे बघा. बाहेर आहे की नाही? बाबा तर म्हणाले, एवढं वाकडं आम्हाला दिसलं कसं नाही.”

पडद्यावर शिडी उडी मारत होती. कोपर पंखासारखं. चेंडू आत. पुन्हा. चेंडू आत.

“चेंडू बघ,” बाई म्हणाल्या. “कोपर नको बघूस. चेंडू बघ ना.”

“तो नशिबाने जायचा.”

“तसा मारून दाखव. एकदा. माझ्यासाठी.”

शिडी उठली. पट्टा काढून खुंटीला लावला, बोळात उभी राहिली. चेंडू कानामागे नेला आणि तिथेच थांबली. कोपर थोडं बाहेर नेलं, थोडं आत आणलं. खांदा हलवून बघितला. समोर पाइप नव्हता. चुकवायचं असं काहीच समोर नव्हतं.

“आठवत नाही बाई,” ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी घाबरल्यासारखं होतं. “आधी मी काय करायचे? आधी मी काही करतच नव्हते ना.”

मग तिने स्वतःला सावरलं, चेंडू खाली घेतला आणि खुंटीवरचा पट्टा बाईंपुढे धरला. “मागचं बटण माझं मला लागत नाही. लावता का?”

आई चहा टाकायला उठली होती. बाईंनी बटण लावलं.

*

छप्पर दुरुस्त झालं. बादली गेली. फरशीला नवं पॉलिश आलं आणि भाऊसाहेब दर सामन्याला पहिल्या रांगेत बसून मोठ्या मालकांसारख्या टाळ्या वाजवायला लागले. शिडी आता राखीव खेळाडू आहे. सामना हातातून गेला की शेवटी थोडा वेळ कोर्टवर येते. नव्या मुली आल्या की बाई काही म्हणायच्या आधी तीच पुढे होते आणि सांगते, कोपर आत ठेवा गं, मला फार उशिरा कळलं, तुम्ही पहिल्या दिवसापासून सांभाळा. बाईंचं नाव सांगते. आमच्या बाईंनी दाखवलं म्हणून कळलं, म्हणते. मुली ऐकतात. उंच मुलीचं सगळे ऐकतात.

अशा वेळी बाई शिट्टी तोंडात धरतात, पण वाजवत नाहीत. शिट्टीदादा चेंडू पुसतात.

शिडी पहिल्यांदा हॉलमध्ये आली, तिने पहिला शॉट मारला आणि सगळ्या हसल्या, तेव्हा बाईंनी शिट्टीदादांना बाजूला घेऊन बजावलं होतं की या पोरीच्या कोपराला कुणी हात लावायचा नाही.